छतावरचं पाणी की वसतिगृहाचं सांडपाणी?

पुण्यातल्या विद्यापीठाच्या आवारात छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं की वसतिगृहाचं सांडपाणी शुद्ध करणं, यांतल्या एकाच कामापुरते पैसे असतील, तर माझा कौल सांडपाणी शुद्धीकरणाला. हिशेब बघा. इथे वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस. १,००० चौरस मीटर छतावरून, वाया जाणारं वजा करून, साडेपाच लाख लिटर मिळेल, तेही मुख्यतः जून ते सप्टेंबर. उलट ५०० मुलांचं वसतिगृह माणशी १३५ लिटरने रोज ६७,५०० लिटर वापरतं. त्यातलं बहुतेक गटारात जातं. शुद्ध केलं तर फ्लशला, झाडांना भर मे महिन्यातही मिळतं. मात्र त्याला वीज लागते, रोज लक्ष देणारा माणूसही.

पुनर्भरण, म्हणजे छतावरचं पाणी जमिनीत मुरवणं, स्वस्त; पण खाली बेसाल्टचा कठीण खडक: भेगा असतील तिथेच पाणी मुरतं. खड्डा खणण्याआधी भूजलतज्ज्ञाला जागा दाखवाच.