2 लाख 90 हजारांचा ॲम्प आणि पाठीवरचं एक स्टिकर

बाबांच्या एलपी रेकॉर्ड माझ्याकडे आल्या तेव्हाच ठरवलं होतं, या नीट ऐकायच्या. कुमारजी, किशोरीताई, मन्सूरअण्णा. चार वर्षं पैसे साठवले. मनात भरला होता एक जपानी क्लास ए इंटिग्रेटेड ॲम्प, म्हणजे स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर. अधिकृत वितरकाकडे तो साडेचार लाखांच्या घरात होता. मुंबईतला एक विक्रेता तोच 'सीलबंद, 230 व्होल्टचा, दोन वर्षं वॉरंटी' म्हणून 2 लाख 90 हजारांना द्यायला तयार झाला.

ऐकायला गेलो तेव्हा माझा जुना ॲम्प मुद्दाम बरोबर नेला होता. त्याने आधी तो वाजवला, मग नवा. 'बघा साहेब, दोन्हींचा व्हॉल्यूम नऊवरच आहे.' नवा लागला आणि तबला अंगावर आला, तानपुरा खोलीभर पसरला. मी तिथेच विरघळलो. आता कळतं, प्रत्येक ॲम्पचा गेन, म्हणजे तो आवाज किती पट वाढवतो ते, वेगळा असतो. बटण एकाच खुणेवर ठेवलं म्हणून आवाज सारखा होत नाही. आणि एखाद-दोन डेसिबल जास्त असलेला आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. 1000 हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा, दोन्ही ॲम्पचे व्होल्ट सारखे करायचे आणि मगच ऐकायचं. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उठून यावं.

दीड लाख यूपीआयने दिले, उरलेले रोख. 'जीएसटी कशाला भरता?' म्हणाला आणि कच्च्या कागदावर पावती दिली. मीही घेतली, ही चूक माझीच.

तिसऱ्या महिन्यात तानपुऱ्याखाली घरघर ऐकू येऊ लागली. टर्नटेबलची अर्थिंग तपासली, केबल बदलल्या, शेवटी स्पीकरही सोडवून ठेवले. तरी घरघर होतीच, कारण ती ॲम्पच्या खोक्यातूनच येत होती. मग एका संध्याकाळी मुलीने पुढच्या पट्टीला हात लावला आणि 'बाबा, मुंग्या येतात' म्हणून झटकन मागे घेतला. त्या क्षणी मी प्लग काढला.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका जुन्या कारागीर काकांकडे नेला. त्यांनी झाकण काढायच्याही आधी मागच्या बाजूचं '230 व्होल्ट'चं स्टिकर नखाने खरवडलं. खाली मूळ छपाई होती: एसी 100 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. म्हणजे जपानच्या बाजारासाठी बनवलेला ॲम्प. आत मूळ ट्रान्सफॉर्मरशेजारी केबल टायने बांधलेला एक छोटा ऑटोट्रान्सफॉर्मर होता, आपल्या 230 व्होल्टचे 100 करणारा. वरचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं, जळका वास येत होता. अर्थिंगची तार तर जोडलेलीच नव्हती. क्लास ए ॲम्प गाणं चालू असो वा नसो, सतत वीज ओढतो. तो भार या चिमुकल्या डब्याला झेपणारा नव्हता. काकांनी पुढे जे सांगितलं त्याने माझे हातपाय गार पडले. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंचं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, एकच असतं. त्याचा खालचा भाग तुटला तर 100 व्होल्टच्या यंत्रात थेट 230 जातात.

विक्रेत्याला फोन केला. 'झाकण उघडलंत ना? मग वॉरंटी संपली.' दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद. वितरकाला सिरियल नंबर कळवला तेव्हा उत्तर आलं, हा नंबर आमच्याकडून आलेलाच नाही. हेच मेल मी पैसे देण्यापूर्वी केलं असतं तर!

म्हणून कळकळीने सांगतो. महागडा ॲम्प घेताना आधी पाठीमागच्या पट्टीचा आणि सिरियल नंबरचा फोटो मागा, वितरकाकडून लेखी खात्री करून घ्या, पक्कं बिल घ्या. जपानचा 100 व्होल्टचा ॲम्प घेऊच नये असं नाही. पण तसं उघड सांगून विकलेला असावा आणि पुरेशा ताकदीचा, अर्थिंगसह स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बाहेर वेगळा असावा.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तडजोड झाली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. रोख दिलेल्या 1 लाख 40 हजारांचा पुरावा माझ्याकडे फक्त तो कच्चा कागद. खरवडलेलं स्टिकर पाकिटात जपून ठेवलंय, सुनावणीला ते बरोबर नेणार आहे.