छोट्या दुकानाच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस: पुरतं, पण मराठीकडे आपणच बघायचं

मसाले-लोणची, शिवणकाम, सायकल दुरुस्ती अशा धंद्याच्या वेबसाइटला चार-पाच पानं लागतात. काय मिळतं, भाव काय, दुकान कुठे, कधी उघडं, फोन नंबर. एवढ्यासाठी वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) बसवलं की झकास. सॉफ्टवेअर फुकट, खर्च डोमेनचा (साइटच्या नावाचा) आणि होस्टिंगचा. थीम, म्हणजे साइटचं रूप, सोबत येणारी 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' घ्या. बाजारातल्या विकतच्या थीममध्ये सरकते फोटो, उडती अक्षरं आणि डझनभर प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) येतात. साध्या फोनवर पान रखडतं ते त्यामुळेच.

मराठी साइटचा पहिला घोटाळा पानाच्या पत्त्यात होतो. 'पुण्यातील घरगुती मसाले आणि लोणची' असं शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा त्यात ९ चिन्हं खाते, आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे पत्ता 'मसाले-आ' वरच तुटतो, लोणची गायब! वर तो व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसू शकते. पान प्रकाशित करण्याआधीच पत्ता रोमन लिपीत, एका-दोन शब्दांत टाका. नंतर बदलायला गेलात तर लेखांचा (पोस्टचा) जुना पत्ता वर्डप्रेस नव्याकडे वळवतं, पानांचा (पेजचा) वळवत नाही. जुनी लिंक मेलेलीच राहते.

फाँटचंही तसंच. अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सोय थीममध्ये असते, इंग्रजीला ती शोभते. मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात, म्हणून ते शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो. त्याची सात वजनं (बारीक ते ठळक) आहेत, साइटवर दोनच चढवा. देवनागरी फाँटच्या फाइली जड असतात. वर्डप्रेसच्या आवृत्ती ६.५ पासून फाँट थेट डॅशबोर्डमधून (साइट चालवायच्या पडद्यावरून) चढवता येतो, प्लगिन लागत नाही. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात मग 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर तो आपल्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो.

फोटोंच्या बाबतीत वर्डप्रेस बरंच सांभाळून घेतं. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं, त्याच्या छोट्या प्रतीही बनवतं आणि फोनला बेताची प्रत पाठवतं. पण फोटो स्थिर पार्श्वभूमी म्हणून लावला की छोटी प्रत निवडली जात नाही, फोनलाही मोठीच फाइल जाते. सगळ्यात वरचा फोटो आधीच १६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या स्वरूपात, २०० केबीच्या आत करून चढवा. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे. आणि दरपत्रकाचा फोटो टाकू नका. भाव मजकुरात लिहा, बदलायला दोन मिनिटं लागतात.

संपर्काचा फॉर्म ही वर्डप्रेसची कमजोर बाजू. त्याची मेल साध्या होस्टिंगवरून निघते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडते. एसएमटीपीची, म्हणजे मेल खऱ्या मेल-खात्यातून पाठवायची, जुळणी केली तर सुटतं, पण छोट्या दुकानाला एवढा खटाटोप कशाला? फोनचं बटण आणि व्हॉट्सअॅपची लिंक पुरते. लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करायचा. अधिकचं चिन्ह, पुढचा शून्य, मधली मोकळी जागा काही नको. बटण अंगठ्याला सापडेल इतकं, निदान ४८ पिक्सेल उंच ठेवा.

साइट गूगलवर दिसत नाही अशी तक्रार असेल तर आधी 'रीडिंग' सेटिंग उघडा. काम चालू असताना सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण केलेली असते, आणि ती काढायची राहून जाते.

साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. करणाऱ्याच्या खात्यावर असलेलं डोमेन पुढे सोडवून घेणं साइट नव्याने करण्यापेक्षा अवघड जातं.