जुन्या झिऑनची जोडी: व्ही-वन काढून व्ही-टू बसवले

माझ्या रेंडरिंगच्या (थ्रीडी चित्रं तयार करण्याच्या) मशीनमध्ये झिऑन, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर-वर्कस्टेशनच्या प्रोसेसरपैकी ई५-२६७० ची जोडी होती, २०१२ च्या पहिल्या पिढीतली (व्ही-वन). प्रत्येकी ८ कोअर. सेकंडहँडमध्ये पुढच्या पिढीतल्या ई५-२६८० व्ही-टूची जोडी मिळाली. प्रत्येकी १० कोअर, सॉकेट तेच, वॅटही तेच ११५. म्हटलं, घालून बघू.

पहिल्या दिवशी स्क्रीन काळीकुट्ट. चूक माझीच, बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, नवी चिप ओळखणारं) अपडेट न करताच चिप बदलल्या होत्या. जुनी जोडी परत बसवा, बायोस चढवा, पुन्हा थर्मल पेस्ट पुसा... रविवार गेला! तेव्हाच दिसलं की रॅमच्या चारही पट्ट्या एकाच प्रोसेसरच्या बाजूला होत्या, म्हणजे दुसरा बिचारा प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडे हात पसरत होता. दोन-दोन वाटून दिल्या.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ११ मिनिटांची फ्रेम आता आठेक मिनिटांत होते. फोटोशॉपमध्ये मात्र फरक शोधावा लागतो, तिथे २० कोअर नुसते बसून असतात.

त्यापुढच्या पिढीचा, व्ही-थ्रीचा मोह होता. एव्हीएक्स-टू (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच) त्यातच आलं. पण त्याला मदरबोर्ड वेगळा आणि रॅम डीडीआर-४. तेवढ्यात खिशाने हात वर केले.