धर्म आणि आत्महत्येवरील संशोधन वाचायला शिकवणारा सांगलीतला अभ्यासवर्ग: एक अभिप्राय

विश्रामबागेतल्या एका सभागृहात झालेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाला मी ७०० रुपये शुल्क भरून गेले होते. धर्म आणि आत्महत्या यांच्या संबंधावर समाजशास्त्रज्ञांनी जे संशोधन केले आहे त्यावर कितपत भरवसा ठेवावा, हा वर्गाचा विषय होता. मी शाळेत समुपदेशक आहे आणि 'घरात देवाधर्माचं वातावरण असलं की मुलं असं काही करत नाहीत' हे वाक्य मला पालकसभेत वारंवार ऐकावे लागते. त्यामागे पुरावा काय आहे ते एकदा नीट पाहावे, एवढ्याच हेतूने मी नाव नोंदवले. पहिल्या दिवशी पैसे वसूल झाले. दुसऱ्या दिवसाबद्दल माझी तक्रार आहे.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरील १८९७ सालच्या ग्रंथापासून झाली. प्रोटेस्टंट समाजात आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त असते आणि त्याचे कारण समाजाची वीण सैल असणे हे आहे, हा त्यांचा सिद्धान्त पदवीच्या वर्गात आम्ही पाठ केला होता. हे आकडे माणसांचे नव्हते, प्रांतांचे होते, हे मात्र तेव्हा कोणी सांगितले नव्हते. प्रोटेस्टंटबहुल प्रांतात आत्महत्या जास्त झाल्या म्हणजे त्या प्रोटेस्टंटांनीच केल्या, असे सिद्ध होत नाही. १९५० साली विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हा धोका दाखवून दिला होता: ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त होते तिथे निरक्षरता कमी दिसत होती, पण माणसे एकेक करून पाहिली तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता थोडी अधिक होती. मार्गदर्शकांनी हे फळ्यावर दोन चौकटी आखून इतके सुबक मांडले की माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त हवालदारांनीही वहीत उतरवून घेतले.

वर्गाचा खरा गाभा दुपारी होता. प्रत्येक गटाला आयोजकांनी रचलेल्या काल्पनिक मृत्यूंच्या वीस चिठ्ठ्या दिल्या आणि अपघात, आजार, आत्महत्या की कारण अज्ञात, असे वर्गीकरण करायला सांगितले. एका चिठ्ठीवर फक्त 'रात्री विहिरीत पडून मृत्यू, घरच्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही' एवढेच होते. आमच्या गटाने अपघात लिहिले, पलीकडच्या गटाने आत्महत्या. मग मार्गदर्शकांनी एकच ओळ वाढवली, 'मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर', आणि पलीकडच्या गटातल्या दोघांनी निमूटपणे आत्महत्या खोडून अपघात केले. हवालदार हसून म्हणाले, "आमच्याकडं आधी अकस्मात मृत्यूच दाखल होतो, मॅडम. पुढचं घरच्यांच्या जबाबावर." त्यानंतर व्हॅन पॉपेल आणि डे यांचा १९९६ चा अभ्यास समोर आला, तेव्हा तो समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. नेदरलँड्सच्या १९०५ ते १९१० च्या मृत्युनोंदी धर्मानुसार तपासल्यावर त्यांना असे आढळले की कॅथलिकांमध्ये आत्महत्या कमी दिसत असल्या तरी 'आकस्मिक' आणि 'कारण अस्पष्ट' या सदरांतले मृत्यू जास्त होते, आणि दोन्ही पंथांतला फरक बहुतांशी त्यातून भरून निघत होता. जिथे आत्महत्या करणाऱ्याला चर्चच्या विधीने दफन नाकारले जात असे, तिथे नातेवाइकांनी दुसरे कारण सांगितले असेल तर नवल नाही.

आपल्याकडची स्थिती वेगळी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आणि त्यांतल्या ३१.७ टक्क्यांचे कारण 'कौटुंबिक समस्या' असे नोंदले आहे. हे सदर इतके ऐसपैस आहे की त्यात काहीही बसते. त्यातच आत्महत्येचा प्रयत्न २०२४ च्या जुलैपर्यंत दंडसंहितेत गुन्हा म्हणून कायम होता, त्यामुळे लपवण्याची सवय लोकांना आधीपासूनच आहे.

सल्लेखनेचा, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवण्याच्या जैन व्रताचा, प्रश्न सांगलीत निघणारच होता, आणि तो एका जैन गृहस्थांनी काढला. त्यांच्या आजीने अन्नत्याग करून देह ठेवला होता. घरात त्याला समाधिमरणच म्हणतात आणि 'आत्महत्या' हा शब्द कोणी उच्चारला तर त्यांना तो अपमान वाटतो. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे ज्या वर्षी मोजायचे त्याच वर्षी व्याख्या महिनाभरात दोनदा फिरली. या चर्चेला अर्धा तास मिळाला. दोन तास द्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी वेगळे वक्ते होते आणि त्यांनी आदल्या दिवशीचे सगळे पुसून टाकले. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार घेऊन त्यांनी ठासून सांगितले की आठवड्यातून एकदा तरी उपासनेला जाणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सुमारे पाचपट कमी आहे, म्हणून प्रत्येक शाळेत सामूहिक प्रार्थना वाढवावी. तो अभ्यास हलका नाही. त्यात एकेका व्यक्तीचा वर्षानुवर्षे माग ठेवला आहे, म्हणजे दुर्खीम यांच्यावरचा आक्षेप त्याला लागू होत नाही. मात्र त्या काळातल्या एकूण आत्महत्या अवघ्या ३६ होत्या, आणि त्या स्त्रिया बहुतेक गोऱ्या व ख्रिस्ती होत्या. हे मी विचारले, तेव्हा "आकड्यांत शिरू नका" असे उत्तर मिळाले. आकड्यांत शिरायलाच आम्ही ७०० रुपये भरले होते. एकोणिसाव्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्यातले ४५२ जिल्हे तपासून बेकर आणि व्हेसमान यांनी प्रोटेस्टंट भागांत प्रमाण खरोखर जास्त असल्याचे २०१८ मध्ये मांडले आहे, म्हणजे दुर्खीम यांचा निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. हा अभ्यास टिपणांच्या संचात असूनही वक्त्यांनी उघडलासुद्धा नाही.

टिपणांच्या छायाप्रती फिकट होत्या आणि तक्त्यांतली टक्केवारी भिंगाशिवाय वाचता येत नव्हती. त्याहून गंभीर म्हणजे, अशा विषयावरच्या वर्गात मदतीचा क्रमांक संचात कुठेही छापलेला नव्हता. मिरजेहून आलेल्या एका परिचारिकेने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि तो दोन्ही दिवस तिथेच राहू दिला. चहा वेळेवर आला आणि सभागृह हवेशीर होते.

पुढचा वर्ग मिरजेत घेणार असल्याचे आयोजक सांगत होते. पहिल्या दिवसाचे शुल्क वेगळे घेत असतील तर मी शाळेतल्या आणखी दोघींना घेऊन जाईन. दोन्ही दिवसांची सक्ती असेल तर नाही.