भुसावळची रविवारची बैठक

आमच्याकडे ‘बसायचं का, भो?’ असं विचारलं की कुणी सतरंजी शोधत नाही, ग्लास शोधतो. मी वीस वर्षं असाच बसलो. यावल तालुक्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सातला शटर अर्धं ओढायचं आणि युरियाच्या थप्पीमागे बैठक. आता दर रविवारी त्याच सात वाजता तापी ओलांडून भुसावळला दुसऱ्या बैठकीत बसतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे नाव गुप्त ठेवून दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, सगळे नुसतं ए.ए. म्हणतात. आठ महिने होत आले, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

आधी एक सांगतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी कुणालाही न विचारता दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरले की तांब्या तोंडाशी नेता येईना, आणि संध्याकाळी फिट आली. दवाखान्यात तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती, बायकोला काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर चिडले. रोज पिणाऱ्याने अशी तोडली तर जिवावर बेततं, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची असते. मीटिंगमध्ये औषध मिळत नाही, ते काम दवाखान्याचं. पण घरी आल्यावर संध्याकाळी सात वाजता करायचं काय, याचं औषध दवाखान्यातही नव्हतं.

मीटिंग सापडायलाच दोन रविवार गेले. गावाजवळ मुद्दाम शोधली नाही, कुणी पाहिलं तर! (बारमधून निघताना ही काळजी कधी वाटली नव्हती.) मोबाइलवर कुठल्याशा यादीत पत्ता होता, तिथे शाळेला कुलूप. दिलेला नंबर बंद. दुसऱ्या रविवारीही तेच. परत स्टँडकडे निघालो तर वाटेत देशीचं दुकान, आणि पाय तिकडेच वळत होते. शेजारच्या टपरीवर चहा सांगितला आणि अडखळत विचारलं. चहावाला गाळणी आपटत म्हणाला, ‘दारू सोडणारे ना? ते आता मागच्या गल्लीत बसून राह्यले, हिरव्या दारात.’ नाव गुप्त ठेवणाऱ्या मंडळींचा पत्ता टपरीला तोंडपाठ!

आत प्लास्टिकच्या पंधरा-वीस खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि भरपूर डास. नाव-गाव कुणी लिहून घेतलं नाही. फी नाही. दारू थांबवायची इच्छा हवी, एवढीच अट. शेवटी कापडी पिशवी फिरते, त्यावर खोलीचं भाडं आणि चहा चालतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. मी व्यापारी माणूस, पाचशेची नोट काढली. शेजारचे काका म्हणाले, ‘ठेवा हो. नव्या माणसाने नाही टाकलं तरी चालतं.’

हे काका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना विचारूनच लिहितोय, कारण तिथलं तिथेच ठेवायचं असतं. ‘मी एक मद्यपी’ म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि थर्मासचं झाकण फिरवायची खूण करून दाखवली. बायको रोज चहा भरून द्यायची, हे कोपऱ्यावर तो गटारात ओतायचे आणि थर्मासमध्ये रम भरायचे. तिचा किती वर्षांचा चहा गटारात गेला, हे सांगताना थांबले. कुणी पाठ थोपटली नाही, सल्ला दिला नाही. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्या खान्देशी माणसाला हे किती अवघड आहे, ते येऊन बघाच. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दारूने पोळलेले दोघे, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, असेच बोलत बसले आणि हे सुरू झालं म्हणतात. भारतात १९५७ पासून आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. एक गृहस्थ दर रविवारी तीच हकीकत त्याच क्रमाने सांगतात. दारूपासून दूर राहायच्या ए.ए.च्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव येतो. ‘तुम्हाला उमगेल तसा’ असं म्हणतात खरे, पण मला अजून उमगलेला नाही. आणि आठ महिन्यांत स्वतःची दारू सोडायला आलेली एकही बाई पाहिली नाही. पिणाऱ्या बाईने त्या हिरव्या दारातून आत यायचं कसं, हे मलाही कळत नाही. अर्धा स्टार त्यासाठी कापला, साडेचार दिले.

सध्या भरीत-पार्ट्यांचे दिवस. परवा शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि ग्लास पुढे आला. मी काकांना फोन लावून केळीच्या बागेत अर्धा तास फेऱ्या मारत बोललो. ते बोलले कशावर, तर गुडघेदुखीवर. परत आलो तोवर भरीत संपलं होतं, कळण्याची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली.

एका रविवारी बायकोलाही नेलं. खुल्या मीटिंगला घरचे चालतात, बंद मीटिंगला फक्त दारू थांबवू पाहणारे. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी मीटिंगही असते, ते तिला तिथेच कळलं. येताना तापीच्या पुलावर ती म्हणाली, ‘अहो, त्या थर्मासवाल्या काकांच्या बायकोला माहीत असणारच.’

माझी क्वार्टर वजनकाट्यामागे असायची. तिला विचारलं नाही.