चार भोकांची पॅकिंग आणि ११,७३० रुपये

माझ्या गाडीला तीन सिलेंडर आहेत. गॅरेजवाल्याने ‘ही पाहा, तुमच्या गाडीतून काढलेली’ म्हणून जी हेड पॅकिंग माझ्या हातात दिली, तिला चार भोके होती. ही पॅकिंग इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्या सांध्यात बसते आणि तिला दर सिलेंडरमागे एकच मोठे भोक असते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आठवीच्या मुलांना ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ असे फळ्यावर लिहून देतो, आणि ती चार भोके मोजायला मला दोन महिने लागले. हे लिहिताना लाज वाटते. परंतु गावोगावी जुनी गाडी घेऊन मोबाइलवर पाहून स्वतःच पाना-पक्कड चालवायला निघालेले माझ्यासारखे अनेक जण आहेत आणि ते नेमके याच दाराने फसणार आहेत, म्हणून लिहितो.

आमचे गाव वर्धा नदीच्या काठावर आहे. शाळा घरापासून तीन किलोमीटर, तालुका चौदा. माझी अल्टो २०१० सालची, ७९६ सीसीची, दुसऱ्या हाताने घेतलेली. गेल्या पावसाळ्यात बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल झिरपून एक्झॉस्टवर पडत होते. ज्याला पुस्तकात व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट म्हणतात आणि आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री टॅपेट कव्हरची पॅकिंग म्हणतो, ती उष्णतेने कडक झाली की असे होतेच. काम नवशिक्याला जमण्याजोगे आहे, हे मी आजही म्हणतो. पॅकिंग ३८५ रुपयांना आणली, सॉकेटचा सेट १,६५० रुपयांना घेतला आणि एका रविवारी अंगणात कव्हर उघडले. जुनी पॅकिंग वाळलेल्या गवारीच्या शेंगेसारखी झाली होती, वाकवताच कट्कन मोडली. खाच पुसली, नवी बसवली, इथपर्यंत सगळे ठीक होते.

चूक झाली ती आवळताना. सहा मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या दांड्यावर चार किलोचा भार. हे गणित मी मुलांना घालतो. स्वतः मात्र ‘पुन्हा गळायला नको’ म्हणून दांड्यावर अंग टाकले, तेही मधून बाहेर समान आवळत न जाता एका टोकाकडून. शेवटच्या बोल्टचे आटे गेले आणि तो नुसताच फिरू लागला. त्या कोपऱ्यातून आधीपेक्षा जास्त ऑइल येऊ लागले. एवढाच बिघाड होता, एका भोकाचे आटे.

पोळ्याच्या चार दिवस आधी गाडी तालुक्याच्या रस्त्यावरील एका गॅरेजात नेली. मालकाने बॉनेट उघडले, चकाकणाऱ्या नव्या पॅकिंगकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “कोणं उघडलं हे?” मी म्हणालो, मीच. त्याने काही न बोलता मान हलवली, शेजारच्या पोराकडे पाहिले, आणि त्या क्षणापासून मी गिऱ्हाईक उरलो नाही, आरोपी झालो. फसवणुकीचे मूळ इथे आहे. ज्याने स्वतः हात घातलेला असतो तो गॅरेजात मान खाली घालून शिरतो, आणि ती मान किती खाली आहे, यावर बिलाचा आकडा ठरतो. तेव्हा ‘मीच उघडले’ हे सांगायचे, पण माफी मागण्याच्या सुरात सांगायचे नाही.

त्याने ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि आतल्या बाजूला जमलेला पांढुरका फेस बोटावर घेऊन दाखवला. “पाणी उतरलं सर ऑइलमंदी. तुमी कव्हर उचकलं ना, तवाच हेड बेंड झालं.” आज हे वाक्य आठवले की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावेसे वाटते. टॅपेट कव्हरचे बोल्ट सैल केल्याने किंवा आवळल्याने हेड वाकत नाही. हेड वाकते ते इंजिन भयंकर तापल्यावर, आणि माझ्या गाडीचा तापमानाचा काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला नव्हता. झाकणाखालचा फेस तर रोजच्या तीन किलोमीटरच्या चालीचा होता. पावसाळ्यात गाडी थोडीच चालली की इंजिन पुरते तापत नाही, आतली वाफ झाकणाला लागून थंड होते आणि ऑइलशी मिसळून साय धरते. खरेच हेड पॅकिंग गेली असती तर टाकीतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, कमी होत गेले असते, मागून पांढरा धूर आला असता, डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलसुद्धा दुधाळ दिसले असते. डिपस्टिक मी त्याच्यासमोर ओढून पाहिली होती. ऑइल काळे आणि स्वच्छ होते. मी ते पाहिले आणि परत खोचले, कारण समोरचा माणूस इतक्या खात्रीने बोलत होता की मला माझ्या डोळ्यांपेक्षा त्याचे बोट खरे वाटले.

माझी बाजूही ऐकून घ्या. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया पोळ्यानंतरच्या सोमवारी नागपूरला ठरलेली होती आणि पावसात तिला एसटीने नेणे शक्य नव्हते. “कायले टेन्शन घेता सर, तीन दिवसांत होऊन जाते,” असे तो म्हणाला, तेव्हा मला फक्त ‘तीन दिवस’ एवढेच ऐकू आले. दुसरे गॅरेज गाठून दुसरे मत घ्यायला एक दिवस लागला असता. तो एक दिवस मी काढायला हवा होता, आणि तुम्हीही काढा.

त्याने वहीच्या फाटक्या पानावर हिशेब लिहून दिला. हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे) २,२००, हेड पॅकिंग १,४५०, टायमिंग बेल्ट ९५०, कूलंट ४८०, इंजिन ऑइल १,३५०, हेड नागपूरला मशीनवर नेणे-आणणे ८००, मजुरी ४,५००. एकूण ११,७३० रुपये. त्यातले ६,००० मी जागेवरच मोबाइलवरून पाठवले आणि ५,७३० गाडी घेताना रोख दिले. धाकट्या भावाने कपाशीच्या फवारणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. पानावर गॅरेजचे नाव नव्हते, सही नव्हती, तारीखही नव्हती. ‘पक्के बिल द्या’ म्हटल्यावर तो हसून म्हणाला, “पक्कं पाहिजे तं अठरा टक्के वरून लागते सर,” आणि मी अठरा टक्के वाचवले, असे समाधान मानून गप्प बसलो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला नंतर कळले.

आता त्या क्षणाकडे येतो. गाडी घेताना मी, केवळ सावधपणा दाखवायचा म्हणून, जुनी पॅकिंग मागितली. मोबाइलवरचे सगळे जाणकार तसेच सांगतात ना, जुना भाग मागून घ्या! त्याने क्षणाचाही विलंब न लावता कोपऱ्यातल्या डब्यातून एक काळी, कडेला जळालेली हेड पॅकिंग उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दिली. ती मी दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिली. एका ओळीत मोठी गोल भोके होती, दोन भोकांमधला पत्रा काळवंडलेला होता, आणि तिथे बोट ठेवून तो म्हणाला, “इथून गेली होती.” मी त्या बोटाखालचा डाग पाहिला. भोके पाहिली नाहीत. ती पॅकिंग डिकीत सरळ मावत नव्हती, म्हणून तिरकी घालावी लागली, तरीही माझ्या डोक्यात काही शिरले नाही. बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहिले असते तरी पुरे होते. हेड उतरवायचे तर कूलंट काढावे लागते, टायमिंग बेल्ट सोडावा लागतो, मॅनिफोल्ड सोडावे लागते. माझ्या गाडीत टायमिंग कव्हरच्या बोल्टांवर मागच्या उन्हाळ्याची धूळ तशीच थापलेली होती, मॅनिफोल्डच्या गंजलेल्या नटांना पान्याचा ओरखडाही नव्हता, आणि टाकीतले ‘नवे’ कूलंट जुन्यासारखेच तांबूस होते. ऑइल तेवढे बदललेले असावे, इतके श्रेय मी त्याला देतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तोच वास आला. या वेळी मी गाडी कुठेच नेली नाही, अंगणातच कव्हर उघडले. आत माझीच ३८५ रुपयांची पॅकिंग होती आणि तिच्यावर, खाली, बाजूला, सगळीकडे करड्या सिलिकॉनचा थर होता. बोटभर जाडीचा एक लोंबता तुकडा आत हेडवर लोंबकळत होता. असा तुकडा सुटून ऑइलबरोबर खाली गेला तर पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनाला ऑइल मिळेनासे होते. सिलिकॉन लागतेच तर कोपऱ्यात, सांध्यावर, थेंबभर. आटे गेलेल्या भोकात त्याने बोल्टच सिलिकॉन लावून चिकटवला होता. मी डिकीतून ती पॅकिंग काढून ओसरीवर ठेवली, कारण आता मला संशय आलाच होता. सातवीतली मुलगी बाजूला बसून फराळाचे खात होती. ती म्हणाली, “बाबा, आपल्या गाडीले तर तीन सिलेंडर आहेत म्हणता ना तुम्ही?”

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्यांदा टेबलावर पॅकिंग ठेवून सगळे सांगितल्यावर जमादारांनी विचारले, “गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कायची?” मी चारशेवीसचे कलम म्हणताच त्यांनी मला सुधारले, की १ जुलै २०२४ पासून चारशेवीस गेले, आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. कलम अचूक सांगितले, गुन्हा मात्र नोंदवला नाही. हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा, असे ऐकवले. तिसऱ्या खेपेला माझ्या आग्रहाखातर अदखलपात्र म्हणून चार ओळी लिहून घेतल्या आणि त्यातही ‘वाहन दुरुस्तीच्या दरावरून वाद’ असे शब्द घातले. दरावरून वाद! न केलेल्या कामाचा दर कसला? मी तिथेच आवाज चढवला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने, जो आता होमगार्ड आहे, मला हाताला धरून बाहेर आणले, आणि ती नामुष्की ११,७३० रुपयांहून मोठी होती.

बँकेत गेलो तर शाखाधिकारी म्हणाले की पैसे तुम्हीच, तुमच्याच पिनने पाठवले आहेत. ते खरेच होते. १९३० हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठी आहे, तिथे असले प्रकरण नेऊन वेळ घालवू नका. ग्राहकांसाठीचा क्रमांक १९१५ आहे. परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर सांगण्यात आले की गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग कोणाच्या येते, असे विचारल्यावर खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली. काम झालेच नाही, याचा दाखला हवा म्हणून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये १,७७० रुपये भरून तपासणी करून घेतली. तिथल्या तंत्रज्ञाने हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात डोकावणारी पॅकिंगची जुनी, काळी कडा मला टॉर्च लावून दाखवली आणि म्हणाला, हे हेड इतक्यात कोणी उतरवलेलेच नाही. लेखी मात्र त्यांनी ‘ऑइल गळती आढळली’ एवढेच दिले. दुसऱ्याच्या कामाविषयी लिहून देण्याचे त्यांचे धोरण नाही म्हणे. म्हणजे माझा खड्डा १३,५०० रुपयांचा झाला आणि हातात कागद आला तो ज्ञात गोष्टीचा.

आटे शेवटी गावातल्याच ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने नवे पाडून दिले, १५० रुपयांत, वीस मिनिटांत. कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारी झडप, चोंदला आहे, हेही त्यानेच दाखवले. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि चांगली पॅकिंगही गळते. पेट्रोलने धुऊन साफ केला. सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडून काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या (लोखंडी पट्टी लावू नका, ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात), नवी पॅकिंग पुन्हा ३८५ रुपयांना आणली, मधून बाहेर दोन फेऱ्यांत आवळली. आजपर्यंत थेंब नाही. गॅरेजवाल्याकडेही एकदा गेलो होतो. पॅकिंग समोर धरली तर तो म्हणाला, पोराने चुकून दुसरी दिली असेल, तुमची भंगारात गेली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, एवढे दोन दिलासे खरे. वकील लावलेला नाही, मीच लिहून नेली. सोबत पुरावा म्हणून ती पॅकिंगही नेली, तर खिडकीवरच्या बाबूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. वस्तू फाइलमध्ये लागत नाही, तिचा फोटो काढून आणा, म्हणाले. चार भोके स्पष्ट दिसतील, असा फोटो मी काढला आहे. शेजारी फूटपट्टी ठेवली आहे. प्रत्येक प्रतीवर माझी सही हवी आहे, आणि पुढच्या तारखेला जायचे तर माझ्या किरकोळ रजा आता दोनच उरल्या आहेत.