माजी सैनिकाची पेन्शन अडली: सैनिक कल्याण कार्यालय, पोर्टल, माहिती अधिकार की ट्रिब्युनल?

गावात माजी सैनिकाची किंवा त्याच्या पत्नीची पेन्शन अडली की सल्ले चहूबाजूंनी येतात. कुणी कलेक्टरकडे जायला सांगतं, कुणी खासदाराला निवेदन द्यायला. कुणी सीएससी सेंटरवर नेऊन ऑनलाइन तक्रार टाकून देतं, तर कुणी थेट वकिलाचं नाव सुचवतं. हे सगळे मार्ग खरे आहेत, पण प्रत्येकाच्या हातात वेगळा अधिकार आहे. भलत्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरतो आणि 'संबंधित विभागाकडे वर्ग' एवढं उत्तर घेऊन परत येतो. धारणीहून अमरावतीला किंवा सिंदखेडराजाहून बुलढाण्याला एक हेलपाटा म्हणजे दिवस गेला आणि मजुरी बुडाली. म्हणून मार्ग निवडण्याआधी फाइल नेमकी कुठे थांबली आहे ते ओळखायला हवं.

अडचणी साधारण तीन तऱ्हेच्या असतात. पहिलीत पेन्शन मंजूर असते, पण पैसे येणं थांबतं. दुसरीत नाव, जन्मतारीख किंवा पत्नीची नोंद जुळत नाही. तिसरीत सरकारने हक्कच नाकारलेला असतो, म्हणजे अपंगत्व पेन्शन किंवा विशेष कुटुंब पेन्शन 'सेवेशी संबंध नाही' म्हणून फेटाळलेली असते. पहिलीला पोर्टल पुरतं, दुसरीला रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, लागतं आणि तिसरीला अपील व ट्रिब्युनल, म्हणजे सैनिकांच्या दाव्यांचं न्यायाधिकरण. तिसऱ्या प्रकारची तक्रार पोर्टलवर टाकून वाट पाहत बसणं ही आम्हाला दिसणारी सगळ्यात महागडी चूक आहे, कारण तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते.

पैसे थांबले असतील तर

संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' प्रणालीतून, प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा विभागाच्या कार्यालयामार्फत येते. बँकेत फक्त खातं असतं. त्यामुळे मॅनेजरशी भांडून उपयोग नाही. आधी स्पर्शमध्ये लॉगिन करून वार्षिक ओळख, म्हणजे हयातीचा दाखला, कधीपर्यंत वैध आहे ते पाहा. बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो. 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन सेवेवर दाखला काढताना ऑपरेटर पेन्शन देणारी संस्था म्हणून सवयीने बँक निवडतो. तिथे 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन) अलाहाबाद' हा पर्याय लागतो. बँक निवडली तर दाखला निघतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण तो स्पर्शपर्यंत पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते. अशा वेळी तक्रारीची गरजच नसते, योग्य पर्याय निवडून दाखला पुन्हा काढायचा.

दुसरा घोळ मोबाइल नंबरचा. कित्येकांच्या स्पर्श खात्याला सेंटरवाल्याचा किंवा पुण्याला कामाला गेलेल्या पुतण्याचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी तिकडे जातो आणि इकडे घरचे 'साइट चालत नाही' म्हणत बसतात. नंबर आपलाच टाका आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. सीएससीवरच्या स्पर्श सेवेचा खर्च संरक्षण लेखा विभाग उचलतो, त्यामुळे पैसे मागितले तर पावती मागा.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर दोन तक्रारपेट्या आहेत: स्पर्शची स्वतःची आणि केंद्राच्या पेन्शन विभागाची सीपेनग्राम्स. सीपेनग्राम्सला फोनवरूनही तक्रार नोंदवता येते, टोल फ्री क्रमांक 1800-11-1960. आमची पसंती अशी की आधी स्पर्शवर नोंदवा आणि तो तक्रार क्रमांक देऊन मग सीपेनग्राम्सवर जा. 2024 च्या सूचनांनुसार तक्रारीचा निपटारा 21 दिवसांत व्हायला हवा, आणि तक्रार समाधानाशिवाय बंद झाली तर 30 दिवसांत अपील करता येतं. हे अपील फार थोडे लोक करतात. 'तक्रार निकाली' असा संदेश आला की प्रकरण संपलं असं समजतात. खरं तर अपिलात फाइल वरच्या अधिकाऱ्यासमोर जाते आणि पहिलं साचेबद्ध उत्तर तिथे टिकणं कठीण असतं.

पोर्टलची मर्यादाही लक्षात घ्या. तिथे नियमाचा अर्थ बदलून मिळत नाही, आणि कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथे घेतलंच जात नाही.

नोंद जुळत नसेल तर

पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, 'सुमन', आधारवर 'सुमनबाई' आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव. विदर्भातल्या निम्म्या घरांत कागदांची हीच गत असते, आणि कुटुंब पेन्शन यावरच अडते. दुरुस्तीचा अधिकार ना जिल्ह्याला, ना प्रयागराजला. तो त्या सैनिकाच्या रेकॉर्ड ऑफिसला आहे: महार रेजिमेंट असेल तर सागर, गार्ड्सचं असेल तर कामठी, तोफखान्याचं असेल तर नाशिक रोड. सैनिकाने नोकरीत असताना लग्नाची व मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंद-आदेशाने, केली असेल तर काम सोपं. केली नसेल तर पत्नीला ती स्वतः सिद्ध करावी लागते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय इथेच सगळ्यात उपयोगी पडतं. पाच कागदांचा संच करा: डिस्चार्ज बुकाची प्रत, पीपीओ, विवाहाचा पुरावा, ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. हा संच त्या कार्यालयाकडून साक्षांकित करून शिफारशीसह पाठवायचा. खासगी टपालाने गेलेल्या अर्जापेक्षा कार्यालयाच्या जावक क्रमांकाने गेलेला अर्ज रेकॉर्ड ऑफिसात लवकर सापडतो. तो जावक क्रमांक मागून घ्या, तोंडी 'पाठवलं' यावर घरी येऊ नका.

या कार्यालयाकडून काय मिळणार नाही, तेही सांगायला हवं. ते राज्य सरकारचं कार्यालय आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टर असले, तरी केंद्राच्या पेन्शन कार्यालयाला आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. उलट राज्याच्या कामांत त्यांचं वजन चालतं. ग्रामपंचायतीने माजी सैनिकाच्या घराची कर माफी नाकारली असेल तर दिल्लीला लिहू नका, 2020 च्या राज्य योजनेचा हवाला देऊन याच कार्यालयाचं पत्र गटविकास अधिकाऱ्याकडे न्या. रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीच्या मदतीसाठीही पडताळणी इथेच होते. हवालदार पदापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या आणि 65 वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला या निधीतून मिळणारं अनुदान नोव्हेंबर 2025 पासून महिना 4,000 वरून 8,000 रुपये झालं आहे. पेन्शन बसेल इतकी वर्षं न भरता परत आलेले बरेच वृद्ध यात बसतात.

मृत्यू झाला की कळवायला उशीर करू नका. सैनिक गेल्यावर खात्यात पेन्शन येत राहिली आणि घरच्यांनी एटीएममधून काढली, तर ती रक्कम पुढे कुटुंब पेन्शनच्या थकबाकीतून वळती होते. घराला सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या महिन्यांत हाती काही उरत नाही.

दहा रुपयांचा अर्ज

फाइल कुठे आहे हेच कळत नसेल तर माहिती अधिकाराला तोड नाही. आमचं मत विचाराल तर वकील गाठण्याआधी प्रत्येकाने हा अर्ज करावाच, कारण पुढे ट्रिब्युनलला लागणारे कागदही यातूनच हाती येतात. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. ऑनलाइन जमत नसेल तर दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर त्या कार्यालयाच्या अकाउंट्स ऑफिसरच्या नावे जोडा. तालुक्याच्या ठिकाणच्या ठरावीक पोस्ट ऑफिसांत केंद्रीय कार्यालयांचे असे अर्ज स्वीकारून पुढे पाठवण्याची सोय असते. त्या मार्गाने उत्तराची 30 दिवसांची मुदत पाच दिवसांनी वाढते. अर्ज मराठीत देण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण सागर किंवा प्रयागराजला हिंदीत लिहिलेलं बरं. हक्क बजावायला मराठी आणि उत्तर लवकर मिळवायला हिंदी.

अर्ज फसतो तो 'का' या शब्दाने. 'माझी पेन्शन का दिली नाही?' याला 'हा माहितीचा प्रश्न नाही' असं उत्तर येऊ शकतं. कागद मागा (रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे सेवेतून सुटतानाची वैद्यकीय तपासणी):

'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. अर्ज सध्या ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्यांचं पदनाम आणि तो त्यांच्याकडे आल्याची तारीख. माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत. दावा फेटाळणाऱ्या आदेशाची प्रत.'

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. भूदल, नौदल आणि हवाई दल या कायद्याच्या कक्षेत आहेत. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं मात्र कलम 24 खाली वगळलेली आहेत आणि तिथे फक्त भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या भंगाविषयीची माहिती मागता येते. माहिती अधिकाराने पेन्शन सुरू होत नाही. पण टिपणीत 'फाइल गहाळ' किंवा 'कागद जिल्ह्याकडून अप्राप्त' असं छापील हाती आलं, की पुढचा अर्ज कुणाला करायचा हा प्रश्न सुटतो.

हक्कच नाकारला असेल तर

अपंगत्व पेन्शन फेटाळली गेल्यास पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. तिथेही नकार आला तर दुसरं अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याला सगळे ट्रिब्युनल म्हणतात. 2007 च्या कायद्याने ते आलं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. म्हणजे गोंदिया, भंडाऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास.

इथे मुदतीचं गणित नीट समजून घ्या. अंतिम आदेश मिळाला तर त्यापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल करायचा. अर्ज करून सहा महिने उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने मिळतात. म्हणून मूळ अर्ज कागदावर, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पोर्टलवरच्या तक्रार क्रमांकावर मुदतीचा हिशोब टांगू नका.

मुदत गेली म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. पेन्शनचा तोटा दर महिन्याला नव्याने होत असतो, असं सुप्रीम कोर्टाने 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात मानलं. मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. उशीर झाला तर हक्क शाबूत राहतो, मागचे पैसे मात्र बुडतात. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत जडला तर तो सेवेमुळेच झाल्याचं गृहीत धरावं, हे तत्त्व 2013 च्या धरमवीर सिंग निकालात पक्कं झालं. मेडिकल बोर्डाच्या कागदात आजाराबद्दल 'सेवेशी संबंध नाही' एवढंच असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर वकिलाला आधी तीच ओळ दाखवा.

खर्चाची भीती बऱ्याच जणांना इथे थांबवते. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, आणि ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून घ्यायचं. 2025 मध्ये सुरू झालेल्या नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक कुटुंबांसाठी वेगळी मदतही मिळते. थकबाकीतला टक्का मागणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा. तो जे करतो ते दहा रुपयांच्या अर्जाने होतं.

मुलगा सीआरपीएफ किंवा बीएसएफमध्ये असेल तर ट्रिब्युनल लागू नाही. ती दलं गृह खात्याची आहेत, त्यांची दाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात लागते. अंतराच्या दृष्टीने हे उलट सोयीचं आहे.

खासदार कधी?

एका माणसाच्या फाइलसाठी खासदाराचं पत्र म्हणजे स्मरणपत्रापलीकडे फारसं काही नाही. धोरणाचा किंवा साहित्याचा प्रश्न असेल तर मात्र खरा मार्ग संसदेचाच. सियाचीनसारख्या उंचीवरच्या जवानांचे कपडे, बूट आणि रसद यांच्या खरेदीतली दिरंगाई कॅगच्या अहवालातून फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेसमोर आली. असा विषय असेल तर खासदाराला निवेदनाऐवजी नेमका लेखी प्रश्न तयार करून द्या, संरक्षणविषयक स्थायी समितीचा उल्लेख करून.

अग्निवीरांसाठी ही सगळी तुलना वेगळी पडते. चार वर्षांनी परतणाऱ्याला पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर मृत्युमुखी पडलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला 48 लाखांचा विमा आणि 44 लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, पण दरमहा कुटुंब पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार 44, 25 किंवा 15 लाख एकरकमी मिळतात. 2022–23 मध्ये रुजू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026–27 मध्ये भरतात. तुमच्या घरचा मुलगा त्यात असेल तर युनिट सोडण्याआधी त्याने मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, सेवेतल्या प्रत्येक दुखापतीचा अहवाल आणि चार वर्षांच्या शेवटी मिळणाऱ्या सेवानिधीचा हिशोब हातात घेऊनच गाडीत बसावं.